ओतीव आणि घडीव : इंजिनाचे आतले बळ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी एकत्र बसून आपल्या काळाचे प्रश्न समजून घ्यावेत म्हणून. गावोगावच्या व्याख्यानमाला म्हणजे त्याच झाडाच्या फांद्या. या व्यासपीठावर इतिहास, संतवाङ्मय, शेती, सहकार हे विषय नेहमीचे. मोटारीच्या इंजिनाच्या पोटात कोणते भाग घालावेत हा विषय इथे कशाला, असे कोणी मनात म्हणत असेल, तर आमचे उत्तर सरळ आहे. हा प्रश्न आज आपल्या तालुक्यातल्या तरुणांपुढे उभा आहे, आणि त्याचे उत्तर त्यांना बहुधा माल विकणाराकडून मिळते. माल विकणारा सदैव खोटेच बोलतो असे नाही. पण विकणाराने सांगायचे आणि घेणाराने मान डोलवायची, एवढ्यावर ज्ञानाची बाब सोपवता येत नाही.

आमच्या नावापुढे पदवी नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. जे थोडेफार कळले ते हॅमरशॉपच्या दारात उभे राहून, भट्टीवरच्या माणसांच्या तोंडून आणि रात्री पुस्तके उघडून. तेव्हा आज आम्ही जे बोलणार ते इंजिनिअरच्या अधिकाराने नव्हे; ज्यांच्या हातून हे भाग तयार होतात त्यांच्या बाजूने.

आणि हे भाग फार लांब तयार होतात असे समजू नका. आपल्याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ते वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली, आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांनी साऱ्या देशाला मोटार म्हणजे काय ते दाखविले. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. त्यांची इंजिने नीरा आणि भीमेच्या काठाने विहिरीविहिरीवर बसली, आणि फडक्याने हात पुसत त्यांची दुरुस्ती करतच आपल्याकडची मिस्त्रींची पहिली पिढी शिकली. १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जने मुंढव्याला घण सुरू केले, आणि आज तिचा एक कारखाना बारामतीतही आहे. पियाजिओच्या तीनचाकी बारामतीलाच बनतात. म्हणजे ज्या क्रँकचे आणि कनेक्टिंग रॉडचे नाव आपण कौतुकाने घेतो, ते घडविणारे हात याच जिल्ह्यातले, कित्येकदा याच गावातले आहेत.

प्रश्न कोठून उभा राहतो

१.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन आपण सर्वांनी पाहिले आहे. १२४८ घन सेंटिमीटर, सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर. मूळ बनावट फियाटची. आपल्या जिल्ह्यात रांजणगावला ते तयार होत होते. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते बसले, म्हणून लोक कौतुकाने त्याला देशाचे डिझेल इंजिन म्हणत. १ एप्रिल २०२० पासून भारत-सहा हे धुराचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारींतून हे इंजिन गेले. पण रस्त्यावर त्या गाड्या आहेतच. आता त्या दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेल्या आहेत, स्वस्त मिळतात, आणि घेणारा बहुधा विशी-पंचविशीतला असतो.

त्याला कोणी सांगतो की, संगणकाची एक वायर लावून पंचाहत्तर अश्वशक्तीचे इंजिन शंभरावर नेता येते. हे खरेही असते. डिझेल जास्त सोडले, टर्बोचा दाब वाढविला की जोर वाढतो. एका दुपारचे काम, आणि संध्याकाळी इंदापूर-अकलूज रस्त्यावर त्याची परीक्षाही होते. पण याच इंजिनाचा नव्वद अश्वशक्तीचा प्रकार जेव्हा बनविणारांनी स्वतः बाजारात आणला, तेव्हा त्यांनी नुसता आकडा बदलला नाही. पाती फिरवून दाब सांभाळणारा वेगळा टर्बो त्यावर बसविला. पंधरा अश्वशक्तीसाठी ज्यांनी लोखंड बदलले, त्यांच्यापुढे पंचवीस-तीस अश्वशक्ती नुसत्या वायरीने मागणारा तरुण उभा आहे.

आमचे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : इंजिनाचा जोर वाढविणे म्हणजे त्याच्या आतल्या भागांच्या नावावर कर्ज काढणे होय. कर्ज काढण्यास आमची हरकत नाही. पण तारण काय आहे ते आधी पाहावे, आणि तारण नेहमी सर्वांत दुबळ्या भागाइतकेच असते.

आत काय घडते

आता थोडा हिशोब करू. घाबरण्याचे कारण नाही. चौथीच्या पोराला जमेल असाच आहे.

या डिझेल इंजिनाच्या पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे अडतीस चौरस सेंटिमीटर भरते. स्फोटाच्या क्षणी आत हवेच्या दाबाच्या दीडशे पट दाब धरला, तर त्या एवढ्याशा माथ्यावर सुमारे ५,८०० किलोंचा भार पडतो. उसाच्या भरलेल्या तीन बैलगाड्या तळहाताएवढ्या ताटलीवर ठेवाव्या तसे. आणि तो भार ठेवला आणि काढला, असे मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात एका सिलिंडरमध्ये १,५०० वेळा घडते. दाब दीडशेचा एकशेऐंशी केला की तोच भार सात टनांवर जातो. हा सारा भार कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर आणि मध्ये असलेल्या बेअरिंगच्या पातळ पत्र्यावर उतरतो. डिझेलमध्ये जोर वाढविला की दाबणारा भार वाढतो, हे ध्यानात ठेवा.

पेट्रोलच्या इंजिनाची गोष्ट निराळी. तिथे जोर मिळविण्याचा जुना मार्ग म्हणजे फेरे वाढविणे. पद्मिनीचे उदाहरण घेऊ, कारण ती गाडी वडीलधाऱ्यांनी चालविली आहे आणि हौशी लोकांनी सर्वांत जास्त छेडछाड तिच्याच इंजिनाशी केली. १०८९ घन सेंटिमीटर, व्यास ६८, धाव ७५ मिलिमीटर, जोर चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून वजन चारशे ग्रॅम धरले, तर मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून उलटा फिरताना, रॉडला सुमारे पाचशे किलोंची ओढ बसते. फेरे ७,००० केले की हीच ओढ हजार किलोंच्या वर जाते. फेरे दीडपटही वाढले नाहीत, ओढ मात्र दुप्पट झाली. कारण ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. व्याज चक्रवाढ आहे, सरळ नाही.

आणि ही ओढ सर्वांत वाईट केव्हा असते? स्फोटाच्या वेळी नव्हे. जळालेला धूर बाहेर ढकलून पिस्टन वर येतो तेव्हा. त्या वेळी माथ्यावर दाब नसतो, ओढीला विरोध करणारे काही नसते, आणि सारा भार रॉडच्या खालच्या टोकाच्या दोन बोल्टांवर येतो. मोटारवाले म्हणतात, ‘रॉडने ब्लॉक फोडला.’ पुष्कळदा रॉड निर्दोष असतो. बोल्ट आधी गेलेला असतो.

लोखंडालाही थकवा येतो

इथे एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीचा आस तुटून फार मोठी प्राणहानी झाली. आस काही नेहमीपेक्षा जास्त भाराने तुटला नव्हता. मग असे का व्हावे? पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर या रेल्वेच्या इंजिनिअरने आसांना पुन्हापुन्हा भार देऊन वर्षानुवर्षे परीक्षा घेतल्या आणि दाखवून दिले की, एका दमात जो भार पोलाद हसत सोसते, तोच भार लाखो वेळा आला तर पोलाद तुटते. मात्र पोलादाला एक मर्यादा असते. भार तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कायम टिकते. परीक्षेसाठी साधारण एक कोटी फेरे धरण्याची वहिवाट पडली आहे. मघाच्या हिशोबाने, मिनिटाला पंधराशे ठोके म्हणजे एक कोटी ठोके सुमारे १११ तासांत पुरे होतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, ‘आम्ही जोर वाढवून सहा महिने गाडी चालविली, काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे. थकव्याची चीर केसाहून बारीक असते, आतून वाढते, आणि शेवटच्या दिवशी एका क्षणात तुटते. दुसरी अशी की, अॅल्युमिनियमला पोलादासारखी ही निश्चित मर्यादा नाही. म्हणून सरळ रेषेत काही सेकंद धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांत अॅल्युमिनियमचे रॉड घालतात आणि मोजून काही धावांनंतर फेकून देतात. ते हलके आहेत, म्हणून ते रोजच्या गाडीत घालावेत असे जो सांगतो, त्याने एक तर शर्यत पाहिली नाही किंवा तुमचा रस्ता पाहिला नाही.

ही चीर सुरू होते कोठे? जिथे कोपरा तीक्ष्ण आहे, जिथे ओरखडा आहे, जिथे ग्राइंडिंगने पृष्ठभाग जाळला आहे. म्हणून कारखान्यात क्रँकच्या कोपऱ्यांना गोलाई देतात आणि ती जपतात. आपल्याकडे क्रँक घासून आणली की गिऱ्हाईक फक्त चकाकी पाहतो. त्याने पाहिली पाहिजे ती कोपऱ्याची गोलाई. चकचकीत क्रँक आणि काटकोन कोपरा, यापेक्षा मळकट क्रँक आणि गोल कोपरा शतपटीने बरा.

ओतीव की घडीव

आता मुख्य निवडीकडे येऊ. धातूचा भाग करण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. वितळवून साच्यात ओतणे आणि तापवून घणाने घडविणे. पंपाची बॉडी बिडाची ओतलेली असते. पहार आणि कुऱ्हाड लोहाराने घडविलेली असते. पंपाला पहारीसारखे कोणी आपटत नाही, आणि बिडाची पहार कोणी करीत नाही. एवढे शहाणपण आपल्या गावात पूर्वापार आहे. तेच इंजिनात न्यायचे आहे.

कुऱ्हाडीला दांडा घालताना जाणता माणूस बाभळीच्या रेषा पाहतो. रेषा दांड्याच्या लांबीने गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर दांडा पहिल्या घावाला जातो. पोलादालाही अशा रेषा असतात. हजार-बाराशे अंशांवर लालबुंद तापलेला पोलादाचा ठोकळा साच्यात घणाखाली दाबला की त्या रेषा क्रँकच्या वळणावळणाने वळतात, कोठे तुटत नाहीत. घडीव क्रँकचे बळ त्यात आहे. शिवाय ओतकामात राहणारी बारीक पोकळी घणाखाली दबून जाते.

पण म्हणून ओतीव म्हणजे टाकाऊ, असा निकाल देऊ नका. एस. जी. आयर्न नावाचे सुधारलेले बीड असते. त्यातला कार्बन गोळ्यांच्या रूपात बसतो आणि त्यामुळे ते साध्या बिडासारखे ठिसूळ राहत नाही. जगातल्या असंख्य गाड्यांच्या क्रँका त्याच्या आहेत आणि त्या नेमून दिलेल्या भारात आयुष्यभर चालतात. आणखी एक तिसरा प्रकार बाजारात ऐटीने विकला जातो, तो म्हणजे अखंड पोलादी दांड्यातून कोरून काढलेला भाग. पोलाद उत्तम असेल आणि कोरणारा जाणता असेल तर तो उत्तमच होतो. पण त्यातल्या रेषा सरळ असतात आणि वळणावर कापल्या जातात. एक-दोनच नग हवे असतील आणि साच्याचा खर्च परवडत नसेल तेव्हा ती रीत योग्य. घडिवापेक्षा ती आपोआप श्रेष्ठ ठरते असे मात्र नाही.

पिस्टनच्या बाबतीत असाच भ्रम आहे. नेहमीचा ओतीव पिस्टन अॅल्युमिनियममध्ये सुमारे बारा टक्के सिलिकॉन घालून करतात. सिलिकॉनमुळे तो तापल्यावर कमी फुगतो, झिजतो कमी, सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि आवाज करीत नाही. घडीव पिस्टन दोन जातींचे येतात. एका जातीत सिलिकॉन साधारण तेवढेच असते. दुसऱ्या जातीत जवळजवळ नसतेच. ही दुसरी जात सर्वांत चिवट. मार बसला तर फुटत नाही, वाकते. पण ती तापल्यावर जास्त फुगते, म्हणून तिला सिलिंडरमध्ये जागा जास्त सोडावी लागते. परिणामी सकाळी थंड गाडी सुरू केली की ती खडखडते आणि लवकर झिजते. जो माणूस रोज बारामतीला कामाला जातो आणि वर्षातून एकदा शर्यतीला जातो, त्याने पहिली जात घ्यावी. शर्यतीपुरतेच इंजिन असेल त्याने दुसरी घ्यावी. सर्वांत महागडे ते सर्वांत योग्य, हा दुकानदाराचा न्याय झाला.

आणि हेही सांगून ठेवतो : पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून इंजिनात जो ठोका येतो, तो चालू राहिला तर घडीव पिस्टनही वाचत नाही. तो फक्त थोडा उशिरा मरतो. मजबूत भाग हा चुकीच्या इंधनावरचा आणि चुकीच्या टायमिंगवरचा उपाय नव्हे.

निवडीचा क्रम

मग ज्याला खरोखर जोर वाढवायचा आहे त्याने काय करावे? आमच्या ऐकिवातला आणि वाचनातला क्रम असा आहे.

पहिल्याने कागदावर दोन आकडे लिहावे. जास्तीत जास्त फेरे किती आणि जास्तीत जास्त दाब किती. हे आकडे ठरविल्याखेरीज एकही भाग विकत घेऊ नये. फेरे वाढणार असतील तर ओढीचा विचार, दाब वाढणार असेल तर दाबाचा विचार.

दुसरे, रॉडचे बोल्ट. हा सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत मोठी जबाबदारी त्याच्यावर. बोल्ट आवळणे म्हणजे त्याला ताणून ठेवणे. तो ताण बाहेरच्या ओढीपेक्षा जास्त असला तर बोल्टाला ओढ जाणवत नाही. कमी असला तर प्रत्येक फेऱ्याला तो लांबतो आणि आखडतो, आणि मग थकव्याने तुटतो. बऱ्याच आधुनिक इंजिनांत बोल्ट ठराविक जोर देऊन मग ठराविक अंशांनी फिरवायचे असतात. असे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. जुनेच धुऊन घालणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचवितो आणि त्याचे इंजिन पणाला लावतो.

तिसरे, रॉड. एच आकाराचा चांगला की आय आकाराचा, यावर तरुण मंडळी रात्रभर वाद घालतात. दोन्ही आकार चांगले आहेत. रूळ आणि पुलाचा गर्डर आय आकाराचा असतो तो उगाच नव्हे. आकारापेक्षा पोलाद कोणते, त्याचे पाणी कसे दिले आहे आणि वजन किती, हे विचारा. आपल्याकडच्या लेथवाल्याला ईएन ८, ईएन १९, ईएन २४ ही नावे पाठ असतात. पहिले साधे कार्बनचे पोलाद, दुसऱ्यात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, तिसऱ्यात त्यांच्या जोडीला निकेल. जोराच्या रॉडसाठी तिसऱ्याच्या जातीचे पोलाद वापरतात. पण नुसत्या नावाने काही होत नाही. पाणी चुकले तर तेच पोलाद ठिसूळ होते. आणि रॉड जाड म्हणजे मजबूत, ही समजूत सोडा. जाड रॉड जड असतो, आणि जड रॉड स्वतःच्याच वजनाने क्रँकवर ओढ वाढवितो. चारही रॉड आणि चारही पिस्टन तराजूवर घालून वजने जुळवावीत. हे काम सोनाराच्या तराजूवर आणि निगुतीनेच होते.

चौथे, बेअरिंग आणि तेल. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. भार तो थर उचलतो, धातू नव्हे. पन्नास मिलिमीटरच्या जर्नलला एक मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाची फट, हे ढोबळ प्रमाण. ती मोजावी, अंदाजाने सोडू नये. तेलाचा पंप थकलेला असेल तर जगातली सर्वांत मजबूत क्रँक दोन मिनिटांत चिकटते.

पाचवे, क्रँक. पद्मिनीची क्रँक चार सिलिंडरला तीनच बेअरिंगांवर टेकलेली होती. तिच्या काळाला आणि तिच्या फेऱ्यांना ते पुरेसे होते. पण फेरे वाढविले की दोन टेकूंमधली क्रँक दोरी फिरविल्यासारखी डोलू लागते. अशा इंजिनात रॉड आणि पिस्टन कितीही भारी घाला, मर्यादा क्रँकच्या टेकूंनी घातलेली आहे. पुढच्या काळातल्या चार सिलिंडरच्या इंजिनांत पाच टेकू आले ते यासाठीच. तसेच, नायट्रायडिंग केलेल्या क्रँकची कडक कातडी मिलिमीटरच्या अंशाएवढीच जाड असते. ती घासून अंडरसाइझ केली की कातडी गेली. पुन्हा नायट्रायडिंग केल्याखेरीज ती बसवू नये. आणि बसविण्याआधी लोहचुंबकाने चीर तपासून घ्यावी. ही तपासणी नव्या भागाच्या किमतीपुढे काहीच नाही.

सहावे, हेडचे गॅस्केट, हेडचे स्टड आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. दाब वाढला की हेड वर उचलू पाहते. फेरे वाढले की साधी स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर मिटवीत नाही, आणि मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडते.

सातवे, ब्रेक आणि टायर. हे इंजिनात नाहीत, तरी या यादीत आहेत. कारण वाढविलेला वेग अखेरीस यांनाच उतरवावा लागतो.

मोहोर आणि माणूस

आता आमच्या जिव्हाळ्याचे दोन शब्द. चांगला भाग ओळखायचा कसा? डब्यावरच्या नावावरून नव्हे. खोट्या डब्यांचा धंदा मोठा आहे. खात्रीच्या विक्रेत्याकडून, बिलावर घ्यावा. पोलादाचे आणि पाण्याचे प्रमाणपत्र मागावे. मापे स्वतः मायक्रोमीटरने तपासावीत. पण या सगळ्यांच्या मागे शेवटी एक माणूस असतो. अंधाऱ्या खोलीत निळसर दिव्याखाली तो क्रँक फिरवून पाहतो. चीर असेल तर ती हिरवट उजळते. मग तो तांबड्या खडूने फुली मारतो आणि नग बाजूला ठेवतो. तुमच्या आमच्या जिवाची राखण त्या फुलीत आहे.

एका कारखान्यात आम्ही पाहिले की, महिनाअखेरीस माल पाठवायची घाई झाली की बाजूला ठेवलेले नग पुन्हा ओळीत यायचे. तपासणीवर कंत्राटी पोरे होती. नाही म्हणावे तर उद्या दारात घेणार नाहीत. संघटनेने त्या वेळी मागणी केली ती पगाराची नव्हती. तपासनिसाने नापास केलेला नग ज्याला पास करायचा असेल त्याने आपल्या सहीने करावा, एवढीच मागणी होती. सहीचा नियम झाला आणि ओळीत परत येणारे नग बंद झाले. सही करायला कोणी पुढे आले नाही.

यावरून आम्ही असे म्हणतो की, भागाचे बळ पोलादात जितके आहे तितकेच ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या कामगाराच्या हक्कात आहे. ज्याची नोकरी पक्की, ज्याच्या पाठीशी संघटना, तो चीर दिसली तर दिसली म्हणतो. ज्याची भाकरी रोज टांगलेली, त्याला चीर दिसत नाही. दिसली तरी दिसत नाही. स्वस्त भाग मागताना हे विसरू नये. हॅमरशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस घरी मोठ्याने बोलतो. त्याला रागीट समजू नका, त्याच्या कानांनी घणापुढे हार खाल्लेली असते. आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याने व्यवसायजन्य रोगांत धरले आहे. त्या किमतीने घडीव क्रँक तयार होते.

रस्ता आणि कायदा

शेवटचा मुद्दा कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करण्यास मालकाला मनाई आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचावे असाच निर्णय दिला. झिजलेल्या भागाच्या जागी चांगला भाग घालणे ही दुरुस्ती. धुराचे आणि जोराचे प्रमाण बदलणे ही निराळी गोष्ट. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच विचारते. ज्याला वेगाची खरी हौस आहे त्याच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरला कारी इथे बंदिस्त धावपट्ट्या आहेत. उसाच्या ट्रॅक्टरांचा, शाळेच्या पोरांचा आणि पालखीच्या वारकऱ्यांचा रस्ता ही धावपट्टी नव्हे.

तरुणांनी इंजिन उघडू नये, असे मात्र आम्ही चुकूनही म्हणणार नाही. उलट जरूर उघडावे. मायक्रोमीटर हातात धरावा, बेअरिंगची फट मोजावी, मोडलेला बोल्ट भिंगाखाली पाहून तो ओढीने तुटला की थकव्याने हे ओळखायला शिकावे. ज्याला हे येते त्याला बारामतीच्या आणि चाकणच्या कारखान्यांत कोणी हलका माणूस म्हणू शकत नाही. आणि त्याच्या गॅरेजात आलेले गिऱ्हाईक घरी सुखरूप जाते. शिकण्याची हौस आणि वेगाची हौस यांत पहिली आधी भागवावी, एवढेच आमचे सांगणे आहे. आकडे आधी, भाग नंतर, जोर शेवटी.

 प्रश्न असतील ते मंडळींनी उभे राहून जरूर विचारावेत. मिस्त्री मंडळींनी तर आधी विचारावेत.